आलं का गुहागर?

फोनमधला नकाशा पुण्याहून गुहागरला जायला सहा-साडेसहा तास दाखवतो. अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, वाटेत खंबाटकी आणि कुंभार्ली हे दोन घाट, खेड शिवापूर आणि आनेवाडी हे दोन टोलनाके. हिशेबात खोट काढायला जागा नाही. फक्त नकाशाच्या मनात जी गाडी असते, तिच्यात कुणालाही शी लागलेली नसते. त्या गाडीतल्या कुणाचाही डावा बूट शिरवळच्या पुढे खिडकीतून बाहेर गेलेला नसतो, आणि ‘मला निळ्या झाकणाच्या बाटलीतलंच पाणी हवंय’ म्हणून कुणी सीटवर ताठ झालेलं नसतं. लहान मुलं असलेल्या कुटुंबांसाठी खरं म्हणजे वेगळा नकाशा निघायला हवा. त्यात प्रेक्षणीय स्थळं नकोत. झुडपं दाखवावीत: दाट, मध्यम आणि नुसतीच.

‘मुलांना घेऊन लांब जायचं तर पहाटे चारला निघावं,’ असा एक सल्ला प्रत्येक आईबापाला मिळतो. मुलं झोपेतच उचलून गाडीत घालायची, ती थेट साताऱ्याला उठतात. हा सल्ला देणाऱ्यांची मुलं हल्ली तिशीत असतात, आणि मुलं तिशीत गेली की त्यांच्या लहानपणच्या झोपेबद्दल लोकांना फार गोड गोष्टी आठवायला लागतात. शाळेच्या दिवशी गादीपासून सोलून काढावी लागणारी आमची थोरली, वय सहा, लिफ्टमध्येच टक्क जागी झाली. धाकट्याने, वय अडीच, पार्किंगमध्ये समोरच्या विंगमधल्या कुत्र्याला हाक मारली. कुत्र्याने उत्तर दिलं. तिसऱ्या मजल्यावर दिवा लागला. अर्थात तोपर्यंत चार कुठले, पावणेसहा झाले होते. चारचं ठरवलं की सहाला निघणं होतं. सहाचं ठरवलं असतं तर दुपारचं जेवण घरीच झालं असतं. वॉचमनने फाटकाचा दांडा वर केला, आणि गाडी अजून पुरती बाहेरही पडली नव्हती तोच मागून प्रश्न आला. “आई, आलं का गुहागर?”

समुद्रावर माणसाला कपडे कमी लागतात, हा नियम मुलं झाली की रद्द होतो. डिकीत सर्वांत खाली डायपरचं जंबो पाकीट, त्यावर पॉटी-सीट, त्यावर औषधांची पिशवी. तिच्यात पोट बिघडलं तर काय द्यायचं ते आणि दोन दिवस पोटाने काहीच केलं नाही तर काय द्यायचं तेही. ओले वाइप्स, सुके वाइप्स, धाकट्याची वास येणारी गोधडी (धुतली की तो ती ओळखत नाही), वाळूत खेळायची बादली, आणि ती बादली थोरलीची असल्यामुळे अगदी तशीच दुसरी बादली. सासूबाईंनी दशम्या, धपाटे, चिवडा आणि लाडू घेतले होते, वाटेत काही मिळालं नाही तर असावेत म्हणून. वाट म्हणजे पुणे-सातारा रस्ता होता. तिथे दर शंभर पावलांवर मिसळ उकळत असते. नवऱ्याचं सामान एक हाफ पँट आणि दोन टी-शर्ट. तेवढंही त्याला स्टेपनीच्या खाचेत कोंबावं लागलं. थोरलीने आदल्या रात्रीच पोहायची ट्यूब फुगवून ठेवली होती, बदकाच्या तोंडाची. तिची हवा काढायला ती तयार नव्हती, त्यामुळे ते बदक गुहागरपर्यंत सासूबाईंच्या मांडीवर बसून आलं.

गाडीत पुढे डावीकडे बसलेल्या बाईला रस्ता दिसतो, असा एक समज आहे. माझं तोंड कायम मागे. चिवडा मागे दे, डब्याचं झाकण लाव, त्याच्या तोंडातून सीट बेल्ट काढ, त्याची हद्द कुठे संपते आणि तिची कुठे सुरू होते ते सीटच्या शिवणीवर बोट ठेवून दाखव. पाटण हे गाव मला फक्त मागच्या काचेतून लहान होत जाताना माहीत आहे. नवऱ्याचं बरं असतं. ‘मी गाडी चालवतोय’ हे एक वाक्य त्याला पुण्यापासून गुहागरपर्यंत पुरतं. त्याला नाक पुसता येत नाही, भांडण सोडवता येत नाही, मऊ पडलेलं केळं धरता येत नाही, कारण तो गाडी चालवतोय. लांबच्या प्रवासात पुरुषमंडळी स्टिअरिंग सोडायला तयार नसतात, त्यात शौर्याचा काही भाग नाही. गाडीतली सर्वांत निवांत जागा तीच आहे, हे त्यांना कळलेलं असतं.

मुलांना किलोमीटर कळत नाहीत. “अजून दोनशे किलोमीटर.” “म्हणजे किती?” “म्हणजे पाच तास.” “म्हणजे किती?” शेवटी थोरलीनेच माप सुचवलं. “म्हणजे किती पेपा?” पेपा पिगचा एक भाग पाच मिनिटांचा असतो. म्हणजे तासाला बारा पेपा, आणि पुण्याहून सातारा चोवीस पेपांवर. हे माप नवऱ्याला इतकं पटलं की आनेवाडीच्या रांगेत तो आपणहून म्हणाला, “इथे तीन पेपा गेले.”

मोठी माणसं तोच प्रश्न जरा सभ्य करून विचारतात. सासरे आमच्याबरोबर आले नव्हते. कुंड्यांना पाणी घालायला घरी कुणीतरी हवं, असं त्यांचं म्हणणं. सहा कुंड्या आहेत, त्यांतल्या दोन कोरफडीच्या. ते दर तासाला फोन करत होते. “कुठवर आलात?”

“खंबाटकी चढतोय, बाबा.”

“अजून खंबाटकीच? आम्ही स्वारगेटला रात्रीची एसटी धरायचो, मुलं मांडीवर, एक ट्रंक, सकाळी उजाडायला गुहागर. मुलांचा आवाज नाही.”

फोन स्पीकरवर होता. सासूबाई बदकाआडून एवढंच म्हणाल्या, “मुलं माझ्या मांडीवर असायची. हे पुढे कंडक्टरशी गप्पा मारायचे.”

उंब्रजला हायवे सोडून पाटणकडे वळलं की तासवड्याचा टोल वाचतो. पुणेकराला ह्या क्षणी जो आनंद होतो तो समुद्र पाहूनही होत नाही. नवऱ्याने तो मल्हारपेठेपर्यंत अनुभवला. तिथे धाकट्याला फुगा आणि थोरलीला, धाकट्याला फुगा घेतला म्हणून, दोन फुगे घेण्यात टोलाचा हिशेब मिटला.

आणि मग कुंभार्ली. कराड-चिपळूण रस्त्यावर कोयनानगर, हेळवाकपर्यंत सगळं सुरळीत चालतं. घाटमाथ्यापासून पोफळीपर्यंत गाडी खाली उतरते आणि खाल्लेलं वर चढतं. गाडी लागण्यामागचं शास्त्र असं की, कानाच्या आत तोल सांभाळणारा जो अवयव आहे तो प्रत्येक वळणाला ‘आपण हलतोय’ म्हणून मेंदूला कळवत असतो. डोळे मात्र मांडीवरच्या टॅबमध्ये. ते कळवतात, ‘छे, इथे सगळं जागच्या जागी आहे, एक डुक्कर चिखलात उड्या मारतंय, बस.’ दोन साक्षी जुळल्या नाहीत की मेंदू त्याचा राग पोटावर काढतो. दोन ते बारा ह्या वयात हा त्रास सर्वांत जास्त, त्यामुळे आमच्याकडचे दोन्ही उमेदवार पात्र. आता अडचण अशी की टॅब दिला तर गाडीत शांतता राहते आणि कपडे बदलावे लागतात. टॅब काढून घेतला तर कपडे वाचण्याची आशा असते, पण शांतता जाते. आम्ही कपड्यांच्या बाजूने कौल दिला. दोन्ही गेलं.

सासूबाईंकडे लिंबू होतं, आवळासुपारी होती, आलेपाक होता, आणि पोटाशी धरायला वर्तमानपत्राची घडी. हिचा उपयोग कसा होतो ते विचारायचं नसतं. आमच्याकडे छापील पेपर येणं बंद झालंय, म्हणून त्यांनी शेजाऱ्यांकडून रविवारची पुरवणी मागून आणली होती.

“मराठीच लागतो का?” नवऱ्याने विचारलं.

“इंग्रजीची शाई कपड्यांना लागते,” सासूबाई म्हणाल्या. त्यावर कुणाला बोलता आलं नाही.

थोरलीने पहिल्या मोठ्या वळणावरच जाहीर केलं, “मला उलटी येणार नाहीये.” अशी घोषणा झाली की पिशवीचं तोंड उघडून ठेवावं. नवरा म्हणाला, “लांब बघ, डोंगराकडे.” उपाय खरा आहे, दूरच्या स्थिर गोष्टीकडे पाहिलं की डोळ्यांची आणि कानांची साक्ष जुळते. तिने डोंगराकडे पाहिलं. मग समोरून अंगावर येणाऱ्या ट्रककडे पाहिलं. मग आजीकडे. पिशवीला गाठ बसली होती, म्हणून आजीने हातातली घडीच पुढे केली. रविवारच्या पुरवणीतल्या ललित लेखाचा असा तत्काळ उपयोग होताना मी प्रथमच पाहिला.

धाकट्याला काहीही झालं नाही. मात्र ताईला आलेपाक मिळाला, नवा फ्रॉक मिळाला, गाडी थांबवून सगळे तिच्या पाठीवरून हात फिरवतायत, हे त्याने नीट बघून ठेवलं. पोफळीच्या पुढे, अगदी सपाट रस्त्यावर, त्याने खोटी उलटी करून दाखवली. करता करता ती खरी झाली.

चिपळूण, मार्गताम्हाने, शृंगारतळी ही गावं मी आलेपाक चघळत, काचा उघड्या ठेवून, फारसं न बोलता पार केली.

गुहागरात वरचा पाट आणि खालचा पाट असे दोन भाग आहेत. खालच्या पाटातल्या घराची गंमत ही की पुढचं दार गावात उघडतं आणि मागचं जवळजवळ समुद्रात. मागे नारळी-पोफळीची वाडी, मग सुरूची झाडं, मग वाळू. आम्ही उतरलो होतो तिथे घरगुती राहण्याजेवणाची सोय होती. रिसॉर्टपेक्षा मला ही घरं बरी वाटतात, कारण रिसॉर्टमध्ये पोरांनी काही सांडलं की एक गणवेशातला मुलगा नुसता हसतो. इथल्या काकू सरळ फडकं हातात देतात.

गाडीतून उतरल्या उतरल्या आम्ही मुलांना समुद्र दाखवायला नेलं. तास न् तास ज्याच्यासाठी आलो तो अरबी समुद्र, सहा-सात किलोमीटरचा किनारा, वर सूर्य. थोरलीने विचारलं, “पलीकडे काय आहे?”

“सरळ पश्चिमेला गेलं तर ओमान,” नवरा म्हणाला.

“मग तिकडे कधी जायचं?”

धाकट्याने पहिली लाट येताना पाहिली, “नको” म्हणाला, आणि समुद्राकडे पाठ करून बसला. बसल्या जागी त्याने वाळू उकरायला घेतली ती अंधार पडेपर्यंत. त्या सबंध मुक्कामात त्याने जलक्रीडा केली ती अंगणात, पाय धुवायच्या नळाखाली. तो नळ, त्याखालची फुटकी फरशी आणि तिथे पाणी प्यायला येणारी कोंबडी हे त्याच्या दृष्टीने गुहागर. पुण्याला आमच्या बाल्कनीतही नळ आहे. कोंबडीची व्यवस्था झाली असती तर डिझेल वाचलं असतं.

ओहोटी लागली तेव्हा थोरली चिडली. “आपण आलो आणि तो चालला.” घरमालक काकांनी तिला समजावलं की तो परत येतो, फक्त भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. दिवसाला पन्नासच मिनिटं उशीर होतो हे ऐकून मला समुद्राबद्दल आदर वाटला. हेच काका एका बाबतीत मात्र अजिबात ऐकून घेत नाहीत. ओहोटीच्या वेळी पाण्यात कुणी गुडघ्याच्या वर गेलेलं दिसलं की सुरूतून त्यांची शिट्टी ऐकू येते, मग तो कुणाचाही पाहुणा असो. शहाण्याने त्या शिट्टीशी वाद घालू नये.

जेवणाबद्दल थोडक्यात सांगते, कारण अजून वाईट वाटतं. पानात डाळिंब्यांची उसळ, कुयरीची भाजी, सोलकढी, आणि सकाळी सांगून ठेवलेले उकडीचे मोदक. थोरलीने पानाकडे पाहून विचारलं, “मॅगी आहे का?” काकू आत गेल्या आणि मॅगी करून घेऊन आल्या. वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. कोकणातल्या स्वयंपाकघरातून खोबऱ्याशिवाय काही बाहेर पडू शकत नाही. थोरलीने प्रत्येक खोबऱ्याचा कीस वेचून माझ्या पानात ठेवला. मोदक धाकट्याने एक घेतला. तो खाल्ला असं आम्ही तेव्हा समजलो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गुहागरला गेलं तर कासवांना चुकवून चालत नाही. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. पुढे अंड्यांचं काय झालं हे पाहायला ती येत नाही. ती अंडी कोल्ह्या-कुत्र्यांपासून वाचवण्यासाठी वनखात्याचे कासवमित्र जाळी लावलेल्या हॅचरीत नेऊन पुरतात, आणि पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर आली की सकाळी आणि संध्याकाळी ती समुद्राकडे सोडतात.

सकाळी म्हणजे फार सकाळी. दोन झोपलेली मुलं दोन खांद्यांवर घेऊन आम्ही वाळूतून तिथवर गेलो. आधीच बरीच कुटुंबं जमलेली, सगळ्यांच्या खांद्यांवर असंच एकेक. कासवमित्राने घरट्यावरची टोपली उचलली, आत वाकून पाहिलं आणि म्हणाला, “आज नाहीत.”

“परत झाका आणि परत उघडा,” थोरलीने सुचवलं.

संध्याकाळी मात्र होती. दोऱ्यांच्या दोन रांगांमधून, तळहातावर मावतील अशी काळीकरडी पिल्लं वल्ह्यांनी वाळू मागे टाकत निघाली. कुणाकडे सामान नाही. कुणाला भूक नाही. ‘तो माझ्याकडे बघतोय’ अशी तक्रार नाही. पाणी अंगावर आलं की उलटीपालटी व्हायची, सरळ व्हायची आणि पुन्हा तिकडेच. माझ्या शेजारी एक बाई उभी होती. काखेत एक मूल, दंडावर पिशवी, दाताखाली दुधाच्या बाटलीचं टोपण. ती टोपण काढून म्हणाली, “शंभर पोरं. आणि एकाचाही डबा नाही.”

तिथल्या मुलाने सांगितलं की 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग लावलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत इथे गुहागरला अंडी घालताना सापडली. समुद्रातून अंदाजे साडेतीन हजार किलोमीटर. माणसं चकित होऊन आकड्याबद्दल बोलत होती. आम्हा दोघींना अंतराचं काही वाटलं नाही. एकटीने जायचं तर कुणीही जाईल.

“त्यांची आई कुठेय?” थोरलीने विचारलं.

“समुद्रात.”

“त्यांना घ्यायला आलीय?”

“नाही. त्यांची ती जातात.”

तिने बराच विचार केला. “मग ती ‘आलं का’ कुणाला विचारतात?”

नवऱ्याने ह्या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी खोकून घसा साफ केला, पण तेवढ्यात धाकट्याला शी लागली. सुरूची झाडं, माहितीसाठी सांगते, मध्यम.

परतताना आम्ही मुद्दाम दुसरी वाट धरली, धोपाव्याहून दाभोळची. गुहागर आणि दाभोळच्या मध्ये वाशिष्ठीची खाडी आहे आणि ती फेरीबोटीतून गाडीसकट ओलांडता येते. गाड्या, मोटारसायकली, माशांच्या टोपल्या घेतलेल्या बायका, एक टेम्पोभर विटा, सगळं एका लोखंडी तराफ्यावर चढतं, फळी वर होते आणि गाव हलायला लागतं. धाकट्याने गाडीत बसल्या जागी पाहिलं की गाडी बंद आहे, बाबा स्टिअरिंगला हात लावत नाही, तरी झाडं सरकतायत. त्याने तोंड उघडलं ते दाभोळ येईपर्यंत मिटलं नाही. थोरली कठड्याला चिकटून उभी होती. नवऱ्यालाही खाली उतरावं लागलं. बोटीवर तो गाडी चालवत नव्हता, त्यामुळे त्याला पहिल्यांदाच नाक पुसता आलं. दोन पेपांत पलीकडचा काठ आला. मुलांनी समुद्रावर जेवढा आनंद दाखवला नव्हता तेवढा ह्या दहा मिनिटांत दाखवला, आणि फळी खाली पडल्यावर दोघांनी एका सुरात मागणी केली, “परत!” ती फेटाळल्यावर जो आकांत झाला तो दापोलीपर्यंत पुरला. सासूबाईंनी हळूच मला सांगितलं, “मलाही परत जायला आवडलं असतं.”

मंडणगड, माणगाव करत ताम्हिणीत शिरलो तेव्हा सासऱ्यांचा फोन आला. एक कोरफड मेली होती.

पुढच्या रविवारी गाडी धुवायला टाकली. तिथल्या मुलाने चारही दारं उघडली, पायपुसण्या बाहेर काढून आपटल्या, वाकून आत पाहिलं आणि विचारलं, “दिवेआगर का गुहागर?”

“गुहागर. कसं ओळखलं?”

“वाळूत सुरूच्या काड्या आहेत.” मग मागची सीट उचलून म्हणाला, “मुलं दोन आहेत ना? दोन्ही बाजूंना बिस्किटं आहेत.” मग डावीकडच्या खोबणीत हात घालून त्याने काहीतरी बाहेर काढलं, उजेडात धरलं, वास घेतला आणि मला दाखवलं. पाकळ्या अजून शाबूत होत्या. “मोदक?”

संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो तेव्हा पावतीवर खाली ‘शेरा’ म्हणून जी रेघ असते तिथे त्याने लिहिलं होतं: वाळू काढली. बिस्किटं काढली. फुगे तीन, आत ठेवले आहेत. वास राहील.